कोपऱ्यातला घुमारा

वाटी हलत नव्हती, पण तिच्या काठावरचं उन्हाचं टिंब हलत होतं — खिडकीतून तिरकं आलेलं, मोहरीएवढं — आणि वैजनाथ त्या टिंबाकडे इतका वेळ पाहत राहिला होता की थरथरतंय ते टिंब की आपलीच पापणी, हे त्याला धड सांगता येईना. भिंतीतल्या फळीवर एक तांब्या पालथा, त्याच्या बुडावर स्टीलचा ग्लास पालथा, आणि ग्लासाच्या बुडावर ही एवढीशी वाटी, तान्ह्या लेकराला गुटी पाजायची असते तेवढी. माय याला राखण म्हणते. घरातल्या प्रत्येक खोलीत एक राखण, देवघरातसुद्धा. जमीन हलली की आधी वाटी पडणार, फरशीवर टणकन वाजणार, आणि वाजली की हातातलं आहे तिथे टाकून रस्त्यावर पळायचं; चपला शोधायच्या नाहीत, गॅस बंद करत बसायचं नाही, मागे बघायचं नाही. तीस-बत्तीस वर्षं झाली. भाड्याच्या चार खोल्या बदलल्या, मग लातुरात हे स्वतःचं घर झालं, दारात मोटारसायकलीची चारचाकी झाली, आणि दर वेळी सामान उतरवताना मायने सगळ्यात आधी राखण मांडली.

त्याने बटण फिरवून आवाज शून्यावर आणला. स्पीकर गप्प झाले. खोली गप्प झाली नाही... तो खालचा, जाडसर सूर मागच्या कोपऱ्यात आणखी क्षणभर रेंगाळला, ओल्या घोंगडीसारखा जड, आणि मग कुठे गेला ते कळलं नाही. हेच. हाच तो क्षण. बटण आपण आपल्या हाताने बंद केलंय आणि तरी काहीतरी चालू आहे.

कारण त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता. चौदा फूट लांबीच्या खोलीत चाळीस हर्ट्झचा सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकून पडतो. भिंतीपाशी फुगतो, मधोमध मरतो, आणि कोपऱ्यात तर असा काही दाटतो की छातीच्या पिंजऱ्यात कुणी हात घातल्यासारखं होतं. हे तो पोटापाण्यासाठी शिकवतो — डॉक्टर व्हायला लातुरात आलेल्या दीडदोनशे पोरांपुढे, चाकूरच्या, जळकोटच्या, कुठकुठच्या — फळ्यावर दोन रेघा ओढून, दोन्ही टोकांना फुगलेली आणि मध्ये चिमटलेली ती आकृती काढून. पोरं मुकाट्याने वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत चार गुण मिळवतात. त्यांच्यातल्या एकालाही त्या आकृतीची भीती वाटत नसणार. सरांना वाटते, असं सांगितलं तर पोरं हसतील.

इलाज करून झाले होते, शहाण्या माणसाला लाज वाटावी असे. आधी अंड्यांचे ट्रे, चारशे, डिंकाने भिंतीला. गीतांजली — त्याची बायको, नांदेडची, तोंडाने फटकळ — म्हणाली, "काय करून राहिलात हे? शेजारीण विचारून राहिली, पोल्ट्री टाकली का म्हणून." ट्रेंनी एवढंच केलं की झांजेची चमक गेली, घुमारा जिथल्या तिथे. मग गाद्या उभ्या केल्या. मग स्पीकर भिंतीपासून वीतवीत पुढे ओढले, मग खुर्ची मागे, खुर्ची पुढे, मग एका दुपारी चाळीस हर्ट्झ लावून तो गुडघ्यांवर रांगत साऱ्या खोलीभर फिरला, कान जमिनीलगत ठेवून, सूर कुठे दाट कुठे पातळ ते खडूने फरशीवर मांडत. दाराशी दामिनी उभी राहून बघत होती. दहा वर्षांची पोर. "पप्पा, काय हरवलं?" तिने विचारलं होतं.

भित्र्या माणसाने हा असला नाद लावून घ्यावाच का? गीतांजली हे विचारत नाही, कारण तिला तो भित्रा आहे हे ठाऊक नाही. तिला वाटतं, गाण्याचं वेड आहे. आहेही, पखवाजाची डावी थाप स्पीकरमधून धडधडत आली की अंगावर काटा येतो, खोटं नाही. पण त्याच्या तळाशी दुसरंच आहे. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि तो आवाज माझा नव्हता. तो जमिनीखालून आला, कुणाला न विचारता आला, आणि थांब म्हणून थांबला नाही. आता तसाच खोल आवाज मी विकत आणलाय, त्याला बटण आहे, आणि बटण माझ्या हातात आहे. मी म्हणेन तेव्हा सुरू, मी म्हणेन तेव्हा बंद... असं वाटलं होतं. मग या खोलीने तोही विश्वास मोडला.

आणि मग बुधवार आला.

बुधवारी सकाळी सात-सव्वासातला नळाला पाणी आलं होतं. आठ दिवसांनी येणारं पाणी, त्यामुळे घर नुसतं धावत होतं; तो फाटकापाशी टाकीत पाइप धरून उभा, गीतांजली कणीक मळता मळता मध्येच येऊन पाण्याची धार बघून गेलेली, माय बाहेर बादल्या मांडून बसलेली. दामिनी गाण्याच्या खोलीत, कोपऱ्यातल्या सतरंजीवर गणितं करत. स्पीकर बंद. अ‍ॅम्प्लिफायरचा तर प्लगच काढलेला. आधी त्याच्या तळव्यांना कळलं. कान नंतर. तळव्यांना कळलं की फरशी आता फरशी राहिलेली नाही, आणि मग तो आवाज, खालून, लांबून, जसा तेव्हा... नाही, तेव्हासारखा नाही, त्याच्या शतांशानेही नाही, नांदेडच्या पलीकडे कुठेतरी मूळ असलेला एक किरकोळ धक्का, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. पण स्वयंपाकघरातली वाटी टणकन पडली आणि गीतांजली पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिने इकडेतिकडे बघून किंचाळून म्हटलं, "दामिनी आत हाय!"

वाक्य तेच. माणूस वेगळं, सकाळ वेगळी, पण वाक्य तेच. बत्तीस वर्षांपूर्वीची ती गणपती बुडवून आलेली रात्र, थकून सगळे बाहेर बाजांवर झोपलेले, धाकट्या किशनला ताप म्हणून तो तेवढा आत — दगडाच्या दोन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद — आणि जमीन गुरगुरायला लागली तेव्हा माय असंच म्हणाली होती, "किशन आत हाय!" बाप उठला आणि गेला. विचार केला नाही, मागे बघितलं नाही. बाजेपासून दारापर्यंत सहा पावलं होती. ती सहा पावलं वैजनाथने पाहिली. परत येणारं एकही पाहिलं नाही. मग रेणापूरला मामाकडे वाढणं, शिष्यवृत्त्या, पहिला नंबर, लोकांचं कौतुक — आणि या सगळ्याच्या खाली ती सहा पावलं. बाप शूर होता असं सगळे म्हणत. वैजनाथला मात्र एवढंच दिसत आलं, की जो आत गेला तो गेला आणि जो बाहेर राहिला तो पहिल्या नंबराने पास झाला.

बुधवारी तो आत गेला नाही.

चार सेकंद. फार तर पाच. धक्काच तेवढा होता. पाइपमधलं पाणी पायावर सांडत होतं आणि तो उभा होता. गीतांजली वळली, दाराकडे झेपावली, तोवर सगळं थांबलंही होतं. ती दामिनीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली तेव्हा पोरीच्या हातात पेन्सिल होती आणि चेहऱ्यावर वैताग. "मला वाटलं पप्पांचंच चालू झालं," ती म्हणाली. सगळे हसले. सुटकेचं हसू, पण हसले. रोज संध्याकाळी ही खोली घुमते, तावदानं वाजतात, कुठल्यातरी खोलीतली वाटी कधीमधी पडते, आणि दामिनी वर न बघता "पप्पांचं चालू झालं" म्हणते आणि वाटी उचलून ग्लासावर ठेवते. वर्षभर हेच. मायने एका राखणीत जे बत्तीस वर्षं सांभाळलं ते त्याने एका वर्षात, दोन स्पीकर लावून, पोरीच्या अंगातून काढून टाकलं.

आणि यापुढचं कुणालाच माहीत नाही. त्या खोलीतली वाटी बुधवारी पडलीच नव्हती. पडणार कशी? तिच्या खणखणाटाने पखवाज बिघडतो म्हणून चार महिन्यांपूर्वी एका रविवारी त्याने बोटभर टेप कापली होती, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, आणि ग्लास तांब्याला, वाटी ग्लासाला चिकटवून टाकली होती. हात मागे घेतल्यावर त्याला बरंसुद्धा वाटलं होतं. बुधवारी संध्याकाळी दार लावून त्याने ती टेप नखाने खरवडून काढली. तेव्हापासून दिवसातून दहादा तो वाटीकडे बघतो. ती सुटी आहे ना, एवढंच.

आज दहाच्या सुमाराला गुरुपादप्पा टेम्पो घेऊन आला. जळकोटकडचा, फर्निचरवाला, खांद्यावर कायम इंचपट्टी. त्याने सागवानी पट्ट्यांच्या उंच तिकोनी चौकटी करून आणल्या होत्या, जमिनीपासून छतापर्यंत पोचणाऱ्या, आणि चौकटींत भरायला गठ्ठेच्या गठ्ठे पिवळट लोकर. साखर कारखान्याच्या बॉयलरला गुंडाळतात ती; त्याचा मेव्हणा तसलं काम घ्यायचा, त्याच्याकडून उरलेली.

"कोपऱ्यात किती जाड भरू, सर?"

"दोन फूट. जितकी बसेल तितकी."

"लई होईल की. खोली लहान होऊन जाईल."

"होऊ द्या."

गुरुपादप्पाने तोंडाला रुमाल बांधला आणि पोरीला आत येऊ देऊ नका म्हणून सांगितलं, अंगाला खाजतं. वर कापड ठोकून बंद केल्यावर मग काही भीती नाही म्हणाला. माय मात्र आली. काठी दाराला टेकवून, कंबरेवर हात ठेवून गठ्ठ्याकडे बघत उभी राहिली. माय, म्हणजे कावेरीबाई, या खोलीत कधी बसत नाहीत. वर स्लॅब आहे म्हणून त्या घरातल्या कुठल्याच खोलीत मनाने बसत नाहीत, रात्री मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात, आणि पाहुण्यांना गीतांजली सांगते की सासूबाईंना उघडी हवा लागते.

"कशाची लोकर म्हनायची ही?"

"दगडाची," गुरुपादप्पा रुमालातून म्हणाला. "दगूड वितळवून करतात, माय. भट्टीत. आपण साखरंचा कापूस करतो न्हाई का जत्रंत, तसं."

मायने वाकून एक पुंजका उचलला. चिमटीत चोळला. बोटांना टोचत असणार, पण ती चोळत राहिली.

"येवढा मऊ?" ती म्हणाली. "येवढा मऊ होतो दगूड?"

हातोडा चालू झाला. वैजनाथला वाटलं, आता ती रडेल. पण तिने पुंजका गठ्ठ्यावर परत ठेवला आणि पदराला हात पुसले. ती वळली तेव्हा तो तिच्या मागे गेला, कारण आज विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही हे त्याला कळलं होतं. बुधवारपासून त्याने त्या चार सेकंदांचे तुकडे करून पाहिले होते, प्रयोगाच्या वहीत मांडावेत तसे. पाणी पायावर. गीतांजलीचं ओरडणं. आणि मनगटावर मायचा हात. तो हात पक्का आठवत होता, खरखरीत, घट्ट. म्हणजे तिने धरलं होतं. एक लेकरू आणि नवरा गेल्यावर दुसऱ्याला ती कशी सोडेल. तिने धरलं म्हणून मी थांबलो. एवढं मिळालं असतं तरी त्याला पुरलं असतं.

शेडमध्ये ती शेंगा फोडत बसली. तो समोर उकिडवा बसला आणि एक शेंग उगीच हातात घेतली.

"माय, बुधवारी तू माझा हात धरला होतास न."

"कवा?"

"जमीन हलली तवा. मी आत निघालो होतो. तू धरलं."

मायने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"म्या कामून धरू, बाबा? तूच माझा हात धरून उभा ऱ्हायलास. सोडीनाच." ती शेंगेचं टरफल टोपलीत टाकत म्हणाली, "मला वाटलं, नऊ सालाचाच हायेस अजून."

तो हसला. हसण्यावारी न्यायची गोष्ट असल्यासारखा. शेंग फोडून दाणे तिच्या ताटात टाकले, मग लोकर कितपत भरून झाली ते बघायला उठला. म्हणजे हे असं आहे. म्हणजे पुन्हा हललं तरी मी जाणार नाही. बाप गेला तसा मी जाणार नाही, हे माझ्या तळव्यांना, मनगटाला, सगळ्या अंगाला आधीच ठाऊक आहे, मलाच तेवढं उशिरा कळतंय. मग उरतं एकच. पोरीने स्वतः पळालं पाहिजे. पहिल्या खणखणाटाला, एकटीने, कुणाची वाट न बघता. आणि ती पळायची असेल तर या खोलीत माझा आवाज आणि जमिनीचा आवाज वेगळा झाला पाहिजे. दुसऱ्यांना हा शौक वाटो, खुळेपणा वाटो. मला पोरीच्या पायांसाठी कोपरे बुजवायचेत.

दुपारी दोनपर्यंत चारही कोपऱ्यांत छतापर्यंत मातकट कापडाने मढवलेले खांब उभे राहिले. गुरुपादप्पा हात झाडत मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "कान बसल्यावानी होऊन राहिलं, सर." खरंच होत होतं. नुसतं बोललं तरी शब्द ओठांपासून हातभर जाऊन खाली पडत होते. टेम्पो गेल्यावर वैजनाथने दार लावलं, आवाज मोजायला मोबाइल तिवईवर ठेवला, आणि वीस हर्ट्झपासून वर चढत जाणारा तो लांबलचक सूर सोडला, जो ऐकून शेजारचं कुत्रं नेहमी भुंकतं. वीस... पंचवीस... तीसच्या पुढे त्याचे खांदे आपोआप आक्रसले. पस्तीस. चाळीस. आलेखावर जिथे दर वेळी डोंगर उभा राहायचा तिथे शेताच्या बांधाएवढा उंचवटा आला आणि गेला. तावदान वाजलं नाही. त्याने फळीकडे पाहिलं. उन्हाचं टिंब आता नव्हतं, ऊन सरकलं होतं; पण वाटी गप्प होती, आणि ती सुटी होती, हे त्याने पुन्हा एकदा जाऊन बोटाने पाहिलं.

मग पखवाज लावला. पहिली थाप पडली आणि — संपली. एवढंच. पडली, घुमली, संपली. दुसरी पडायच्या आत पहिली खोलीतून गेलेली होती. वर्षभर ज्याला तो पखवाज समजत होता त्यातला निम्मा पखवाज नव्हताच, भिंती होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुरू झालेली गोष्ट अशी संपू शकते, वेळेवर, मागे काही न ठेवता, हे त्याला कधी कुणी ऐकवलंच नव्हतं.

चारला त्याने दामिनीला बोलावलं. तिने आधी नवे खांब हाताने दाबून पाहिले, मग आपली सतरंजी कुठे गेली म्हणून तक्रार केली, मग ती खुर्चीशेजारी अंथरून घेतली. त्याने आवाज वाढवला, नेहमीपेक्षाही जास्त.

"वाटीकडे बघ."

"हलत नाहीये."

"हलणारच नाही. आता माझं कितीही चालू असलं तरी हलणार नाही. म्हणजे पुढे कधी हलली, पडली, तर?"

दामिनीने विचार केला. वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसणारी मुलं करतात तसा, खरा. "तर तुमचं नाही. जमीन."

"मग?"

"पळायचं."

"कुणासाठी थांबायचं?"

"आजीसाठी?"

"नाही. कुणासाठी नाही. आजी आपली आपण पळते, तुझ्याआधी पोचेल."

"आईसाठी?"

"नाही म्हटलं ना."

"तुमच्यासाठीपण नाही?"

"माझ्यासाठीपण नाही," तो म्हणाला. "मागे बघायचंसुद्धा नाही."

"आणि तुम्ही काय करणार?"

त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. पोरीला नाही तर कुणाला सांगणार. पण तो स्पीकरच्या मागे वाकला, तिथली एक वायर सैल होती. "मीपण पळणार," तो तिथूनच म्हणाला, आणि ती वायर त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ आवळली.

ती पालथी पडून वहीत काहीतरी लिहायला लागली. त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि मागच्या खांबाचं कापड खाली एका जागी सुटलं होतं ते ठोकायला जमिनीवर बसला, भिंत आणि स्पीकर यांच्या बोळकांडीत, तोंडात दोन चुका — बारीक खिळे — धरून. खोलीत इतकी शांतता होती की पेन्सिलचा आवाज ऐकू येत होता. अशी शांतता त्याने मागून घेतली होती आणि आता ती त्याला मानवत नव्हती. तिच्या तळाशी काही आहे का, कान तेच शोधत होते...

ते खालूनच आलं. फरशीतून, ढुंगणाला, मणक्याला — एक जड, बोथट धक्का, आणि लगेच दुसरा. तावदान थरारलं. वाटी पडली. टण्ण वाजून गरगरत कुठेतरी गेली. त्याने मान वर केली तेव्हा सतरंजीवर वही होती, पेन्सिल होती, आणि दामिनी नव्हती. दारात तिच्या चपला जशाच्या तशा होत्या. अनवाणी पावलं पडवीतून, पायऱ्यांवरून, फाटकाकडे, एकदाही न अडखळता. मागे न बघता.

मग त्याला इंजिनाची घरघर ऐकू आली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पायाचं काम चाललं होतं; टिप्पर दगड ओतत होता. टिप्पर! तोंडातल्या चुका त्याने हातावर काढल्या आणि तिथेच भिंतीला पाठ टेकून बसून राहिला. आत कुठूनतरी हसू फुटत होतं. पळाली. माझी पोर पळाली. मी तिला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं आणि ती पळाली, चपला न घालता, वही न उचलता, माझ्याकडे एक नजरसुद्धा न टाकता. बुधवारपासून छातीवर बसलेलं उठून गेलं. इतका निखळ आनंद त्याला ती जन्मली तेव्हाही झाला नसेल, आणि तो कशाचा आहे हे कळून — आपली भीती पोरीच्या अंगात नीट रुजली, याचाच की हा आनंद! — त्याला स्वतःची किळस आली, तरी आनंद कमी होईना. बाहेर दगडांची दुसरी खेप कोसळली. फरशी पुन्हा हादरली. तो हसत बसून होता.

अनवाणी पावलं परत आली.

आधी त्याला वाटलं, गीतांजली. पण पावलं हलकी होती आणि धावत होती, आत येत होती, आणि बाहेर अजून दगड कोसळत होते. दामिनी दारात आली. स्लॅबच्या बरोबर खाली. चेहरा पांढराफटक, श्वास लागलेला. खेळात घाबरतात तशी नव्हे, खरोखरची, मरणाची घाबरलेली.

"पप्पा, उठा ना! तुम्ही आलाच नाही. आई, आजी बाहेर आल्या, तुम्हीच नाही आला —"

तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. तळवे ओलेचिंब होते. बाहेरून गीतांजलीची हाक आली, "दामिने, टिप्पर हाय ग तो!" पण पोरीच्या कानांपर्यंत ती पोचलीच नाही, तिचे कान भीतीने बसले होते. टिप्पर आहे, बाळ. एवढे तीन शब्द. त्याच्या तोंडातून ते निघेनात. त्याने या खोलीची इंच न् इंच मोजणी केली होती, कुठला सूर कुठे फुगतो, कुठे मरतो, त्याला पाठ होतं; आणि हे कुठल्याच आलेखात नव्हतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. उलट नको म्हणून बजावलं होतं, आत्ताच, नाव घेऊन. तिला ते समजलंही होतं, ती पळालीही होती, आणि रस्त्यावर उजेडात सुखरूप उभं राहून, माणसं मोजून, ती परत आत आली होती. ती बाहेर येणार नाही ही भीती गेली. तिच्या जागी आली ती भीती कुठल्या कोपऱ्यात बुजवायची, त्याला कळेना.

तो उठला, कारण ती ओढत होती. बोळकांडीतून बाहेर निघाल्यावर तिने मनगट सोडलं आणि त्याच्या मागे जाऊन दोन्ही तळहात त्याच्या कंबरेला लावले, आणि सगळा जोर लावून ती त्याला दाराकडे ढकलायला लागली. चला ना, पप्पा, चला ना. म्हणजे तो पुढे होता आणि ती मागे. समोर दार होतं, पडवी, पायऱ्या, चार वाजताचं पिवळं ऊन, फाटकापाशी गीतांजली, आणि तिच्याशेजारी कपाळावर आडवा हात धरून माय, इकडेच बघत. जमीन हललेली नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. टिप्पर आहे, हे माहीत होतं. तरी पाय भराभर उजेडाकडे निघाले होते. थांबायचं, वळायचं, पोरीला पुढे घ्यायचं आणि मग आपण मागून जायचं... त्याने ठरवलं. उंबरा दोन पावलांवर आला. पाय ऐकतात का, तिकडे तो जिवाचे कान करून लक्ष देत राहिला.